अंगाच्या मापाचे चित्र

हाताने रंगवलेला किमोनो संग्रहालयात पाहायला मिळतो तो आडव्या काठीवर, दोन्ही बाह्या ताणून टांगलेला. तसा टांगला की तो थेट चित्रासारखा दिसतो, आणि चित्रकाराचे नाव वाचून आपण पुढे सरकतो. यात किमोनोवर अन्याय होतो, असे मला मनापासून वाटते. कुणा एकीसाठी मुद्दाम करवून घेतलेल्या किमोनोत चित्राच्या आधी माणूस येतो, आणि हे काम कसे चालते ते पाहिले की त्याची खात्री पटते.

किमोनोच्या कापडाचा पन्हा जेमतेम 36 ते 38 सेंटिमीटर असतो आणि लांबी सुमारे 12 मीटर. त्यातून आठ सरळ पट्ट्या कापतात. कुठे गोलाई नाही, कळ्या नाहीत. बेतण्यात करामत करायला वावच नसल्यामुळे सगळी कल्पकता कापडाच्या पृष्ठभागावर उतरते. क्योतोच्या युझेन पद्धतीत पांढरे रेशीम आधी मापाने कापून कच्च्या टाक्यांनी जोडतात आणि त्या कोऱ्या किमोनोवर आराखडा काढतात. आपल्याकडच्या केन्याच्या जातकुळीतल्या एका फुलाचा निळा रस त्यासाठी परंपरेने वापरतात, कारण तो पाण्याने साफ निघून जातो. मग टाके उसवायचे, पट्ट्या पुन्हा सलग जोडून ताणायच्या आणि चिकट तांदळाच्या खळीची सुतासारखी रेघ आराखड्यावरून ओढायची. ही खळ रंग अडवते, त्यामुळे एका पाकळीचा रंग शेजारच्या पाकळीत पसरत नाही. कुंचल्याने रंग भरून झाले की तो भाग खळीने झाकून बाकीची जमीन रंगवतात, वाफ देतात, धुतात. खळ निघून गेलेल्या जागी बारीक पांढरी रेघ उरते.

कसोटी लागते ती शिवणीवर. समजा, पाठीवरून निघालेली प्लमची फांदी कमरेखाली वळून पुढे येते. बाजूच्या शिवणीवर तिची दोन टोके नेमकी जुळायला हवीत. दुकानातला तयार किमोनो ठरावीक मापावर रंगवलेला असतो. नेसणारी त्याहून रुंद किंवा सडपातळ असली की शिवण सरकते आणि फांदी तुटते. मागणीवरून केलेल्या किमोनोत ती एकाच बाईच्या घेरावर जुळते. शिवाय डावी बाजू उजवीवर येत असल्याने चित्राचा भर डाव्या अंगावर द्यावा लागतो, कमरेचा भाग रुंद पट्ट्याखाली जाणार हे धरून चालावे लागते. चित्रकाराच्या या साऱ्या निर्णयांत नेसणारीचे शरीर सहभागी असते.

ही रीत जुनी आहे. सतराव्या शतकात जपानी शहरांत किमोनोच्या नमुन्यांची छापील पुस्तके निघू लागली. बहुतेक पानांवर पाठीच्या बाजूने दिसणारा किमोनो असे, आणि गिऱ्हाईक त्यातून निवड करून रंग ठरवत असे. ओगाता कोरिन या थोर चित्रकाराने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला एदोमधल्या (आजच्या तोक्योतल्या) फुयुकी या लाकूड व्यापारी घराण्यासाठी पांढऱ्या रेशमावर स्वतःच्या हाताने शरद ऋतूतली फुले रंगवली. ते वस्त्र आज तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे आणि ओळखले जाते ते फुयुकी घराण्याच्या नावाने. मला हे फार रास्त वाटते.

याच्या दुसऱ्या टोकाला इत्चिकु कुबोता (1917–2003). विशीत त्यांनी संग्रहालयात त्सुजिगाहाना या जुन्या रंगकामाच्या तंत्राने केलेल्या कापडाचा एक तुकडा पाहिला आणि लोप पावलेले ते तंत्र आपल्या पद्धतीने पुन्हा उभे करण्यात उमेदीची वर्षे घातली. मध्ये महायुद्ध आणि सायबेरियातला बंदिवास. पहिले प्रदर्शन भरले तेव्हा ते साठीला आले होते. शेजारी शेजारी टांगले की निसर्गाचे एकच अखंड दृश्य उभे राहावे, अशी 80 किमोनोंची मालिका त्यांनी योजली, ती अपुरी राहिली. त्या कामापुढे नतमस्तकच व्हावे. तरीही त्या दृश्यात माणसाला जागा नाही. एकीने त्यातला एक किमोनो नेसला की चित्राची ओळच मोडेल. कुबोतांनी किमोनोला भिंतीचे मोठेपण मिळवून दिले. मला मात्र कोरिनचे काम त्याहून अवघड वाटते, कारण ते वस्त्र चालणाऱ्या, बसणाऱ्या, वळणाऱ्या बाईच्या अंगावर पुरे व्हायचे होते.

असा किमोनो करवून घेणे श्रीमंतांनाच परवडते, हा आक्षेप खरा आहे. क्योतोत आराखडा, खळ, रंग, वाफ, धुलाई ही कामे बहुधा वेगवेगळ्या कारागिरांकडे असतात आणि त्या सगळ्यांची मजुरी किमतीत येते. पण तो दीर्घकाळ टिकतोही. शिवण सरळ असल्याने तो पूर्ण उसवून, पट्ट्या जोडून धुता येतो, आणि शिवणीत माया राखलेली असली तर लेकीच्या मापाने पुन्हा शिवता येतो. तिच्या अंगावर फांदी जुळली नाही, तर रंगारी त्या जागी चार पाने वाढवून देऊ शकतो. आता संगणकावर काढलेली नक्षीही रेशमावर छापून मिळते. त्याला मी नाक मुरडणार नाही. मात्र छापण्याआधी त्या बाईचे माप घेतले होते का, हे मी जरूर विचारीन, आणि संग्रहालयांनाही सांगेन, की जिच्यासाठी किमोनो रंगवला तिचे नाव ठाऊक असेल तर ते चित्रकाराच्या नावाशेजारी, त्याच टायपात छापा.