आधी काय घ्यायचं?

उल्हासनगर कॅम्प ४मध्ये सुभाष टेकडीच्या बाजूला दोन खोल्यांची एक अभ्यासिका आहे असं समजा. नाव शोधू नका. संस्था कल्पित आहे, पेच मात्र खरा. संध्याकाळी मुलं येतात. त्यांच्या आया घरी जीन्सचं धागा कटिंग करतात. एका कंपनीनं सामाजिक जबाबदारीच्या, म्हणजे सीएसआरच्या, निधीतून चाळीस टॅब आणि मुलांच्या प्रगतीची नोंद ठेवणारं ॲप देऊ केलंय. होकार सोमवारपर्यंत हवाय. खजिनदार काका रेल्वेतून निवृत्त झालेले, अभ्यासिका चालवणारी ताई त्यांच्या मुलीच्या वयाची. मी इतिवृत्त लिहिणारा.

काका: घेऊन टाकू. फुकट आलेलं कोण परत करतं?

ताई: फुकट कुठंय, काका? चार्जिंग, नेट, कुलपाचं कपाट, फुटलेली काच, सगळं आपल्या माथी. शिवाय दर आठवड्याला चाळीस मुलांची माहिती भरणार कोण? मीच. म्हणजे तेवढं शिकवणं कमी.

काका: अगं, पण मुलं टॅबच्या ओढीनं तरी येतील.

ताई: येतील. पण आपली गरज काय होती, ते तुम्हीच गेल्या बैठकीत सांगितलंत. हिशेबाचा संगणक मध्येच बंद पडतो, टॅलीची दुसरी प्रत कुठंच नाही, देणगीदारांची यादी माझ्या मोबाइलमध्ये. देणग्यांचं १०बीडी विवरण भरायच्या वेळी पॅन नंबर शोधत बसलो होतो, आठवतंय?

काका: आठवतंय. पण बॅकअपचा फोटो अहवालात लावता येत नाही. टॅब धरलेल्या मुलीचा येतो. आणि कंपनीच्या बाई सांगत होत्या, प्रशासकीय खर्च पाच टक्क्यांच्या वर चालत नाही.

ताई: ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या खर्चाला आहे, सीएसआरचा कारभार सांभाळायला तिला जो लागतो त्याला. प्रकल्प राबवायचा आणि त्यावर लक्ष ठेवायचा खर्च २०२१च्या नियमांनी त्यात धरलेला नाही. आपण मागितलंच नाही, काका.

काका गप्प झाले. छोट्या संस्थांची निम्मी ओढाताण न मागण्यातून येते, असं माझं मत आहे. देणाऱ्यापुढं आपण इतके ओशाळलेले असतो की नियम वाचायचंही धाडस होत नाही.

काका: बरं, मागितलं. ते नाही म्हणाले, टॅबही गेले. मग त्या चाळीस जणांना काय सांगशील? तुझ्या घरी लॅपटॉप आहे. त्यांच्या वतीनं नकार द्यायचा अधिकार तुला कुणी दिला?

ताई: त्यांच्या वतीनं होकार द्यायचा तरी कुणी दिलाय? ॲपमध्ये जात विचारलीय, बापाचं उत्पन्न विचारलंय, आईचा नंबर विचारलाय. २०२३च्या विदा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्यांची माहिती घ्यायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. अंमल टप्प्याटप्प्यानं येतोय, पण कायदा नसता तरी मी विचारलं असतं. त्या आयांना आपण काय सांगणार? माहिती कुठं जाते, ते आपल्यालाच ठाऊक नाही.

काका: नोंदीला एवढं घाबरू नकोस. हे शहरच नोंदींवर उभं राहिलंय. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं लष्कराच्या रिकाम्या बॅरेकांत आली. १९४९ साली उल्हासनगर हे नाव मिळालं, १९५०च्या कायद्यानं मागं राहिलेल्या घरादाराचे दावे नोंदवले गेले. ज्याच्याकडं कागद होता, त्याचा दावा भक्कम. गरिबाची नोंद नसते, हेच तर त्याचं दुखणं. बाबासाहेबांना मानणारी वस्ती आहे ही, इथं तुला कागदाची किंमत सांगायला नको.

ताई: मान्य. पण तो दावा ज्याचा त्यानं आपल्या हक्कासाठी लावला होता, आणि कागद त्याच्या ट्रंकेत होता. इथं नोंद मुलीची आणि अहवाल कंपनीचा. तिच्या आईला त्यातलं अक्षर दिसणार नाही. आणि फॉर्म पाहिलात? सोसायटीचं नाव आणि मजला भरल्याशिवाय पुढं सरकत नाही. आपल्याकडं पत्ता बॅरेक नंबर आणि खोली नंबर असा. ज्यानं ते बनवलं, त्यानं हे गाव पाहिलेलं नाही.

काका: फॉर्म बदलून घेता येतो. एवढ्यावरून यंत्रच नको म्हणू नकोस.

ताई: नाहीच म्हणत. मुंबईच्या ‘अरमान’ संस्थेचं एममित्र बघा. गरोदर बाईला ठरल्या वेळी फोन येतो, तिच्या भाषेत बोलणारा. वाचता यायची अट नाही, साधा फोन पुरतो. आधी बाई पाहिली, मग यंत्र ठरवलं. आपण यंत्र आलं म्हणून मूल शोधतोय. आपल्या कुठल्या मुलाला वाचता येतं, ते कळायला ‘असर’ सर्वेक्षणात असतो तसा एक कागद पुरेल: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट.

काका: त्या कागदांचाही हिशेब शेवटी संगणकावरच होतो.

ताई: होतो. म्हणून तर आधी संगणक नीट करा म्हणतेय.

काका हसले. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, २००५च्या २६ जुलैला पूर आला तेव्हा संस्था वालधुनी नदीच्या काठाला होती. खालच्या कप्प्यातली रजिस्टरं लगदा झाली. खुर्च्या पुन्हा आल्या, पंखे आले. ती नावं नाही आली.

मला इथं वादाची गाठ सुटलेली दिसली. टॅब उशिरा आले तर थोडं नुकसान होईल, ते भरूनही निघेल. गेलेली नोंद परत येत नाही आणि बाहेर फुटलेली माहिती परत घेता येत नाही. प्राधान्य तिथूनच ठरायला हवं. देणारा काय द्यायला तयार आहे, हा प्रश्न त्यानंतरचा. मात्र हे सुचायला काकांना पूर आठवावा लागला, नियम ऐकून ते सुचलं नव्हतं.

ठराव असा झाला. कंपनीला लिहायचं: चाळीसऐवजी वीस टॅब द्या, उरलेल्या रकमेतून हिशेबाचा संगणक, दोन ठिकाणी बॅकअप आणि माहिती भरायला ठेवायच्या मुलीचं वर्षाचं मानधन द्या. जात आणि उत्पन्न हे रकाने काढा. आयांची सभा झाल्याशिवाय एकाही मुलाचं नाव ॲपमध्ये जाणार नाही. काकांनी आपलं वेगळं मत खाली लिहायला लावलं: कंपनीनं नकार दिला, तर चाळीस टॅब आहे त्या अटींवर घ्यावेत. मला ते पटलेलं नाही, पण इतिवृत्तात ते शब्दशः आहे.