जुळवून घेणें

परिस्थितीशीं जुळवून घ्यावें, हा उपदेश आम्ही वर्गांत इतक्या वेळां केला आहे कीं, तो करतांना विचार करण्याची गरजच उरली नव्हती. गेल्या वर्षीं एक विद्यार्थी आपली अडचण घेऊन आला. घरची शेती गहाण पडलेली, आणि शहरांत खोलीचें भाडें परवडेना. त्याला धीर यावा म्हणून आम्ही उत्तर अमेरिकेच्या बर्फाळ अरण्यांतील सशाचा दाखला दिला. हा ससा उन्हाळ्यांत तपकिरी असतो आणि हिंवाळ्यांत पांढरा होऊन बर्फांत मिसळून जातो. त्याचे मागचे पाय इतके रुंद व केसाळ असतात कीं, भुसभुशीत बर्फांतहि तो रुतत नाहीं. विद्यार्थ्यानें सर्व शांतपणें ऐकलें व विचारलें, "आणि सर, बर्फ पडलाच नाहीं तर?"

या प्रश्नानें आमचा दाखलाच लंगडा केला. सशाचा रंगपालट बर्फ ठरवीत नाहीं, दिवसाची लांबी ठरविते. दिवस आखडूं लागले कीं पांढरे केस येऊं लागतात, मग जमीन पांढरी असो वा नसो. अलीकडे बर्फाचे दिवस कमी होत आहेत. तेव्हां तपकिरी पाचोळ्यावर बसलेला पांढरा ससा दुरूनहि नजरेंत भरतो, आणि तो अधिक आडोसा शोधतो असेंहि फारसें आढळलें नाहीं. मोंटाना राज्यांतील सशांच्या गळ्यांत बिनतारी यंत्रें बांधून केलेलें संशोधन २०१६ सालीं प्रसिद्ध झालें. त्याप्रमाणें अशा विजोड सशाची आठवडाभर तगण्याची शक्यता ७ टक्क्यांपर्यंत घटते. आंकडा लहान दिसतो खरा, पण आठवडे पुष्कळ असतात.

मग जुळवून घेतलें कोणीं? कोणत्याहि एका सशानें नाहीं. विजोड होते ते लिंक्स जातीच्या रानमांजरांनीं खाल्ले, व उरलेल्यांची संतति वाढली. मेलेले वगळून आम्ही त्यास शहाणपण म्हणतों! पॅसिफिक किनाऱ्याकडे, जेथें बर्फ कमी, तेथील कांहीं ससे हिंवाळ्यांतहि तपकिरीच राहतात. पण तेंहि त्यांचें कर्तृत्व नव्हे. पूर्वजांचा दुसऱ्या जातीच्या सशांशीं संकर झाला, त्यांतून तो गुण आला, हें २०१८ मध्यें दिसून आलें. शिवाय बर्फ ओसरण्यांत सशाचा कांहीं अपराध नाहीं. तो हात माणसांचा आहे.

विद्यार्थी उत्तराची वाट पाहात उभा होता. आम्ही त्याला बसावयास सांगितलें, आणि भाडें किती महिन्यांचें थकलें आहे तें विचारलें.