इथून दिसलं नाही

१९९९ साली महाश्व तारकासमूहातल्या एचडी २०९४५८ या ताऱ्याचा प्रकाश सुमारे दीड टक्क्याने उतरलेला आढळला. दर साडेतीन दिवसांनी तो काही तास असा उतरतो, कारण एक ग्रह समोरून जातो. ग्रह कुणी पाहिला नाही. उणा झालेला प्रकाश तेवढा मोजला. मात्र असं अधिक्रमण दिसायला ग्रहाची कक्षा आपल्या दृष्टिरेषेत यावी लागते. सूर्यासारख्या ताऱ्याभोवती पृथ्वीइतक्या अंतरावर फिरणाऱ्या दोनशे ग्रहांपैकी जेमतेम एकाच्या बाबतीत ते जुळतं. म्हणून ज्या ताऱ्याचा प्रकाश ढळत नाही, त्याला ग्रहच नाहीत असं खगोलशास्त्रज्ञ म्हणत नाहीत. 'इथून दिसले नाहीत' एवढंच म्हणतात.

मी अनुवादक आहे. एका संकलनासाठी कथा निवडताना एका भाषेपुढे मी 'विशेष काही नाही' असा शेरा मारला होता. त्या भाषेतल्या चारच कथा, त्याही हिंदीतून, मी वाचल्या होत्या. शेरा प्रामाणिक होता, असं बरेच दिवस स्वतःला समजावलं. पण माझ्या जागेची मर्यादा मी त्या भाषेच्या नावावर लिहून ठेवली होती.

संकलन निघालं. त्यात ती भाषा नाही. वाचणाऱ्याला वाटत असेल, तिथे काही नसावं.