प्रायश्चित्त, पश्चात्ताप आणि तारण : ख्रिस्ती क्षमाविचारातील एक द्वंद्व

मराठीत ‘प्रायश्चित्त’ हा शब्द किमान तीन परंपरांचे ओझे वाहतो. याज्ञवल्क्यस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायाला ज्या अर्थाने प्रायश्चित्ताध्याय म्हटले जाते, तो अर्थ दोषपरिहारार्थ करावयाच्या विहित कर्माचा आहे. कॅथलिक मराठीत प्रायश्चित्त हा एक संस्कार आहे. पापी मनुष्य धर्मगुरूसमोर पापांचे निवेदन करतो, पापमुक्तीचे वचन ऐकतो आणि नेमून दिलेले कृत्य पार पाडतो. प्रॉटेस्टंटांच्या मराठी बायबलमध्ये मात्र हाच शब्द ख्रिस्ताच्या बलिदानाला उद्देशून येतो. पहिल्या दोन ठिकाणी प्रायश्चित्त मनुष्य करतो. तिसऱ्या ठिकाणी ते त्याच्यासाठी दुसऱ्याने, एकदाच आणि कायमचे केलेले असते. कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट यांच्यातील पाप, क्षमा व तारणविषयक मतभेदाचा गाभा एका मराठी शब्दाच्या या अर्थांतरात सापडतो.

हा वाद मुळातही अंशतः भाषांतराचाच होता, हे साहित्याच्या अभ्यासकाने विशेष लक्षात घ्यावयास हवे. नव्या कराराच्या ग्रीक संहितेतील ‘मेतानोइया’ या शब्दाचा रोख मन पालटण्यावर आहे. लॅटिन बायबलात त्या जागी आलेला ‘पेनितेन्शिया’ मध्ययुगात संस्काराशी आणि त्यातील विहित कृत्याशी जोडला गेला. इरॅस्मसने १५१६ साली ग्रीक संहिता छापून प्रसिद्ध केली आणि आपल्या टिपांतून या भाषांतराविषयी शंका उपस्थित केली. १५१७ च्या पंच्याण्णव प्रमेयांतील पहिल्याच प्रमेयात ल्यूथरने श्रद्धावंताचे अवघे आयुष्य पश्चात्तापाचे असावे, असा दावा मांडला. मराठी भाषांतरकारांनी या ठिकाणी ‘प्रायश्चित्त’ न योजता ‘पश्चात्ताप’ योजला, तेव्हा त्यांनी नकळत सोळाव्या शतकातील एका वादात पक्ष घेतला होता.

येथून एक सोपी विभागणी केली जाते : कॅथलिक मार्ग बाह्य कर्माचा, प्रॉटेस्टंट मार्ग अंतःकरणाचा. ही विभागणी अपुरी आहे. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने (१५४५–१५६३) १५४७ साली नीतिमत्त्वाविषयी जो निर्णय दिला, त्यानुसार ईश्वरी कृपा पाप्याला केवळ निर्दोष घोषित करीत नाही, ती त्याच्या आत शिरून त्याला खरोखर नवा करते. उलट ल्यूथरच्या मते मनुष्य नीतिमान ‘ठरविला’ जातो. ते नीतिमत्त्व ख्रिस्ताचे, म्हणजे मनुष्याच्या बाहेरचे असते, आणि क्षमा मिळालेला माणूस एकाच वेळी नीतिमान आणि पापी राहतो. म्हणजे साधनाच्या बाबतीत कॅथलिक विचार बाह्यतेकडे झुकतो, पण फलाच्या बाबतीत तो अंतर्मुख आहे. प्रॉटेस्टंट विचार साधनात अंतर्मुख आहे, पण त्याची क्षमा बाहेरून आलेल्या वचनावर उभी आहे. दोन्ही बाजूंनी अंतरंग आणि बहिरंग यांचा मेळ घातला आहे. फरक आहे तो क्रमाचा.

या क्रमभेदाला नैतिक परिणाम आहेत. १५५१ मध्ये ट्रेंटच्याच परिषदेने प्रायश्चित्त संस्काराचे विवेचन करताना अनुताप, निवेदन आणि भरपाई ही पाप्याची तीन कर्तव्ये सांगितली. शिक्षेच्या भयातून जन्मलेला अपुरा अनुतापही संस्काराच्या द्वारे कृपेपर्यंत पोहोचण्यास पुरेसा ठरू शकतो, अशी मुभाही तिने ठेवली. टीकाकारांना यात यांत्रिकता दिसली, आणि क्षमापत्रांच्या बाजाराने त्या टीकेला भरपूर आधार पुरविला. तरीही या मुभेत सामान्य माणसाविषयीची एक करुणा आहे. निर्मळ प्रेमातून उमललेला पश्चात्ताप प्रत्येकाला साधतोच असे नाही. संस्था त्या दुबळेपणाला हात देते. ल्यूथरला मठात असताना छळणारा प्रश्न नेमका हाच होता : आपला अनुताप पुरेसा खरा आहे काय? त्याने त्याचे उत्तर अनुतापाची प्रत वाढवून शोधले नाही, स्वतःकडे पाहणेच थांबवून वचनाकडे पाहण्यात शोधले. पुढच्या काही प्रॉटेस्टंट पंथांत मात्र मनःपरिवर्तनाच्या अनुभवालाच खूण मानले गेले आणि तोच प्रश्न नव्या रूपात परतला : आपला विश्वास पुरेसा खरा आहे काय?

विधी आणि अंतःकरण यांची फारकत किती टोकाला जाऊ शकते, याचे उदाहरण ख्रिस्ती समाजाच्या बाहेर, पण त्याच्या उंबरठ्यावरच घडले. पुण्याच्या पंचहौद मिशनमधील १८९० च्या चहापानानंतर न्यायमूर्ती रानडे यांनी पुढे प्रायश्चित्त घेतले. आपण पाप केले, अशी त्यांची धारणा नव्हती. अडचणीत आलेल्या मित्रांसाठी त्यांनी ते स्वीकारले. येथे प्रायश्चित्त आहे, पश्चात्ताप नाही. तरीही या कृतीला निव्वळ दंभ म्हणता येत नाही, कारण तिच्यात इतरांविषयीचे उत्तरदायित्व आहे. कॅथलिक विचार पापाला समाजाच्या देहावरील जखम मानतो, तेव्हा तो याच सामाजिक बाजूकडे निर्देश करीत असतो.

पापनिवेदनाची जागा बदलली की साहित्याचा प्रकारही बदलतो. कॅथलिक परंपरेतील निवेदन गुप्त असते. ते ऐकणाऱ्या धर्मगुरूवर मौनाचे कडक बंधन असते. त्यामुळे त्या परंपरेतील श्रेष्ठ मराठी ग्रंथ व्यक्तीच्या पापाची कथा सांगत नाही. गोव्यात १६१६ साली छापलेले फादर थॉमस स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ ओवीच्या घाटात मानवजातीच्या पतनाची आणि उद्धाराची कथा सांगते. त्यातला पापी ‘आम्ही’ आहे, ‘मी’ नव्हे. अमेरिकन मराठी मिशनच्या पंथीय परंपरेत असा गुप्त संस्कार नव्हता. (ल्यूथरपंथीयांनी खाजगी पापनिवेदन टाकून दिले नव्हते, हे मात्र नोंदवावयास हवे.) तेथे निवेदन ‘साक्ष’ बनून मंडळीसमोर आणि पुढे छापील पानावर आले. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला, तो अँग्लिकन पंथातील कॅथलिक वळणाच्या भगिनीसंघाच्या सहवासात. पुढे त्यांनी आपल्या साक्षीत बाप्तिस्मा आणि प्रत्यक्ष तारणाचा अनुभव यांत सुमारे आठ वर्षांचे अंतर ठेवले. मराठी मुलखातील एका स्त्रीच्या आयुष्यात संस्कार आणि अनुभव यांचे द्वंद्व इतक्या स्पष्टपणे क्वचितच नोंदले गेले असेल.

पण देवाने क्षमा केली म्हणजे क्षमेचा प्रश्न संपतो काय? ज्याच्यावर अन्याय झाला, त्याचे काय? लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ या प्रश्नाच्या प्रकाशात वाचावयास हवीत. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. ज्या घटनेला मिशनच्या भाषेत तारण म्हणतात, तीच घटना त्यांच्या पत्नीच्या वाट्याला ताटातूट म्हणून आली. १९०० साली लक्ष्मीबाईंनी स्वतः बाप्तिस्मा घेतला, तरी मधली वर्षे त्यामुळे पुसली गेली नाहीत. ग्रंथात त्या वर्षांचा हिशेब आहे, पण फिर्याद नाही, आणि क्षमा केल्याची घोषणाही नाही. तेथे आहे तो विनोद. तो पतीच्या दोषावर पांघरूण घालीत नाही आणि त्या दोषाने पतीचे मोजमापही करीत नाही.

कॅथलिक विचारातील भरपाईची अट अन्यायग्रस्ताला विसरत नाही, ही तिची बाजू बळकट आहे. चोरलेले परत केल्यावाचून चोराचा अनुताप पुरा होत नाही. प्रॉटेस्टंट विचार या भरपाईला क्षमेची अट न मानता क्षमेचे फळ मानतो. त्याची बाजू अशी की, काही हानी भरून येण्याजोगी नसतेच. लक्ष्मीबाईंची पाच वर्षे कोणती भरपाई परत आणणार होती? तेथे क्षमा हे दानच असावे लागते. अट घातली की न्याय राखला जातो, पण दान संकोचते. अट काढली की दान मोकळे होते, पण त्या दानाची किंमत दुखावलेल्याने एकट्याने मोजावी, अशी अपेक्षा बळावते. दोन्ही परंपरांनी परस्परांवर घेतलेले आक्षेप म्हणूनच आजही खरे आहेत.

तारणाच्या सीमेचा प्रश्न खानदेशात एका कवीच्या निमित्ताने उभा राहतो. धरणगावचे त्र्यंबक बापूजी ठोंबरे १९०७ च्या जळगाव कविसंमेलनात ‘बालकवी’ झाले आणि पुढे नगरला टिळकांच्या घरी राहिले. त्या घरात त्यांना माया मिळाली, पण त्यांनी बाप्तिस्मा घेतला नाही. ५ मे १९१८ रोजी नशिराबादजवळच्या भादली स्थानकावर रेल्वेखाली त्यांचा अंत झाला. ज्या घराचा ख्रिस्तावर विश्वास होता, त्या घराच्या दृष्टीने या मुलाच्या तारणाचे काय? चर्चबाहेर तारण नाही, हे जुने सूत्र एका बाजूला. विश्वासावाचून तारण नाही, हे दुसऱ्या बाजूला. दोन्ही सूत्रे शब्दशः घेतली तर उत्तर एकच आणि निर्दय येते. कॅथलिक चर्चने इच्छेच्या बाप्तिस्म्याची कल्पना पूर्वीच स्वीकारली होती. १९६४ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, स्वतःचा दोष नसताना ख्रिस्ताला न ओळखणारे पण विवेकाला अनुसरून जगणारे लोकही तारणास पात्र होऊ शकतात, असे स्पष्ट केले. मात्र ज्याने ख्रिस्ताचे नाव जवळून ऐकले आणि तरी बाप्तिस्मा घेतला नाही, त्याच्याविषयी या वचनातून निर्णय काढणे सोपे नाही. टिळकांनी १९१७ साली मिशनपासून वेगळे होऊन ‘देवाचा दरबार’ मांडला, त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही अनुयायांना जागा होती. सिद्धांताने न सोडविलेली गाठ त्यांनी सहवासाच्या पातळीवर सैल केली.

३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्ग येथे कॅथलिक चर्च आणि ल्यूथरन जागतिक महासंघ यांनी नीतिमत्त्वाविषयीच्या संयुक्त घोषणेवर स्वाक्षऱ्या केल्या. मेथॉडिस्ट आणि रिफॉर्म्ड मंडळ्यांनीही पुढे, २००६ आणि २०१७ साली, तिला संमती दिली. मनुष्य केवळ कृपेने स्वीकारला जातो आणि ती कृपा त्याला सत्कर्मास प्रवृत्त करते, इतके आता दोन्हीकडे मान्य आहे. पापनिवेदन, शुद्धिस्थान आणि धर्मगुरूचा अधिकार यांविषयीचे मतभेद मात्र कायम आहेत. ते केवळ इतिहासाचे अवशेष नव्हेत. माणसाला स्वतःच्या पश्चात्तापाची खात्री कोणी द्यावी, आणि दुखावलेल्याचा हिशेब कोणी ठेवावा, हे दोन प्रश्न त्यांच्या मुळाशी आहेत. पहिल्या प्रश्नाला दोन्ही परंपरांकडे उत्तर आहे. दुसऱ्यापुढे धर्मशास्त्र अडखळते, आणि तेथे ‘स्मृतिचित्रे’सारख्या ग्रंथाची साक्ष काढावी लागते.