आवडते वाद्य आणि योग्य वाद्य



वादकाला जे वाद्य आवडते आणि जे उत्तम येते, तेच त्याने सगळीकडे वाजवावे काय? आपल्या मिस्सेत पेटीच्या जोडीला कीबोर्ड आणि साऊंड बॉक्स आले, तेव्हापासून हा प्रश्न गायनमंडळात अधूनमधून निघतो आणि रागावर जातो. म्हणून आज जरा दूरचे वाद्य घेऊ या, म्हणजे कोणी मनाला लावून घेणार नाही. हे वाद्य ट्रॉम्बोन. पितळेची लांब दुहेरी नळी पुढे-मागे सरकवत वाजवतात, ते.

अनुभवी ट्रॉम्बोनवादक एकाच वाद्यावर भागवत नाही. नाचगाण्याच्या बँडसाठी तो बारीक नळीचा, आतून सुमारे 12.7 मिलिमीटरचा ट्रॉम्बोन घेतो. त्याचा आवाज धारदार, गर्दीतून वाट काढणारा असतो. मोठ्या वाद्यवृंदात सुमारे 13.9 मिलिमीटरचा. फरक मिलिमीटरभराचा, पण आवाज गोल होतो आणि इतरांत मिसळतो. खर्जासाठी बेस ट्रॉम्बोन, उंच सुरांसाठी छोटा आल्टो. लहान खोलीत वाजवायचे तर पुढच्या रुंद तोंडात म्यूट नावाचे बूच बसवायचे. मिरवणुकीत, पावसापाण्यात न्यायला आता प्लॅस्टिकचाही ट्रॉम्बोन मिळतो, वजन जेमतेम 800 ग्रॅम.

ही गरज की हाव? बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा दोन अंगरख्यांविषयीचा उपदेश ज्याने ऐकला आहे, त्याला हा प्रश्न पडणारच. पण सुताराजवळ पटाशी, रंधा आणि करवत असते म्हणून त्याला कोणी लोभी म्हणत नाही. मला वाटते, वाद्ये मोजून काही कळणार नाही. पेटीतून आज कोणते वाद्य बाहेर काढले आणि कोणासाठी, ते पाहावे. ज्याच्याकडे एकच वाद्य आहे आणि ते तो लग्नात, प्रार्थनेत, मयतीत सारख्याच जोराने वाजवतो, तो माझ्या मते अधिक हावरा. त्याला सगळी जागा स्वतःसाठी हवी असते.

ट्रॉम्बोनला ही गोष्ट चर्चनेच शिकवली. सोळाव्या-सतराव्या शतकापासून युरोपातील चर्चमध्ये त्याचे मुख्य काम होते गाणाऱ्यांना आधार देणे. आल्टो, टेनर आणि बेस आवाजांसोबत एकेक ट्रॉम्बोन तेच सूर वाजवी. त्याला पडदे नाहीत, नळी हवी तिथे थांबवता येते, त्यामुळे गळा जिथे जाईल तिथे तो जाऊ शकतो. काम चांगले झाले तर ऐकणाऱ्याला वाटे, आज गायक छान गायले! मोझार्टच्या 1791 मधील अपूर्ण राहिलेल्या ‘रेक्विएम’मध्ये ट्रॉम्बोनचे एकल वादन प्रसिद्ध आहे, पण ते थोडा वेळच. बाकी बहुतेक ठिकाणी तीन ट्रॉम्बोन गायकांच्या मागे चालतात. बेथोव्हेनची पाचवी सिंफनी 1808 मध्ये प्रथम वाजली. तिच्यात तर ट्रॉम्बोनवादक पहिले तीन भाग नुसते बसून असतात, चौथ्यात वाजवतात. एवढा वेळ गप्प बसणे हेही त्यांच्या कामातच धरलेले आहे. आपल्याकडे तबलेवाल्याला एक कडवे थांब म्हटले तरी त्याला अपमान वाटतो.

संत पोप दहावे पायस यांनी 1903 मध्ये चर्चसंगीताचे नियम घातले. पियानो आणि गोंगाट करणारी वाद्ये त्यांनी चर्चमध्ये बंद केली, बँडलाही मनाई केली. फुंकवाद्ये बिशपांच्या परवानगीने, मोजकी आणि जागेला शोभतील अशीच चालणार होती. ऑर्गनलाही त्यांनी सूट दिली नाही: त्याने गायनाला आधार द्यावा, ते झाकू नये. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 मध्ये दार अधिक उघडले. उपासनेला साजेशी, मंदिराचा मान राखणारी आणि भाविकांच्या श्रद्धेला पोषक अशी इतर वाद्येही चालतील, असे ठरले. आपण सिरो-मलबार विधीचे, आणि हे नियम मुख्यतः लॅटिन चर्चसाठी होते. तरी कसोटी उपयोगी आहे. ती वाद्याच्या नावावर ठरत नाही.

म्हणून कीबोर्ड वाईट आणि पेटी पवित्र, असे मी म्हणणार नाही. देसाईगंजच्या (वडसा) आसपास दिवाळीनंतर झाडीपट्टीची नाटके रात्रभर चालतात. तिथे उघड्या मंडपात शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचायचे असते, कर्णे हवेतच. तोच आवाज टिनाच्या छपराखाली ऐंशी माणसांवर सोडला, तर माणसे ओठ हलवतात आणि गाणे साऊंड बॉक्स म्हणतो. म्हातारी माणसे तर पुस्तक मिटूनच बसतात.

आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर जातो. तापलेल्या हवेत फुंकवाद्याचा सूर चढतो, पेटीचा तसा चढत नाही. अशा वेळी ट्रॉम्बोनवादक आपली नळी थोडी लांब करून पेटीच्या सुरात येतो. कीबोर्डवरही सूर बदलण्याची आणि आवाज कमी करण्याची सोय असते. येत्या रविवारी शेवटच्या गीताचे एक कडवे सगळी वाद्ये बंद ठेवून म्हणून पाहू या. किती आवाज उरतो, ते सर्वांना ऐकू येईल.