उशाशी चपला

किल्लारीजवळच्या एका पुनर्वसित गावात बापूंचं सिमेंटचं घर आहे. पण दाराला रात्री कडी लागत नाही. पहाटे साडेतीनच्या सुमारास बापू उठतात, अंगणात येरझारा घालतात आणि उजाडल्यावर चिडचिडत कामाला लागतात.

३० सप्टेंबर १९९३. विसर्जनाच्या मिरवणुकीतून आलेली माणसं गाढ झोपेत होती. ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली. उन्हाळ्यात गारवा देणारी जाडजूड दगडमातीची माळवदं झोपलेल्यांच्याच अंगावर आली. सात वर्षांच्या बापूंचे आईवडील गेले; आजी आणि अक्का तेवढ्या राहिल्या.

या विषयावर घरात बोलायचं नाही, हा बापूंचा नियम. पोरीच्या डोक्यात कशाला भरवायचं? तरी आठ वर्षांची लेक उशाशी चपला ठेवून झोपू लागली. शाळेत पेंगायची.

"चपला कशाला गं?"

"तुम्ही कशाला भिता ते माहीत नाही पप्पा, पण पळावं लागेल ना?"

लातूरच्या डॉक्टरांनी लेकीच्या आधी बापूंचीच चौकशी केली. झोप नाही आली तर अंथरुणात तळमळत पडू नका, घड्याळ बघू नका, सकाळी उठायची वेळ मात्र रोज एकच ठेवा, म्हणाले. बापूंना ते फारसं पटलं नाही. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये आपण कसे ढाराढूर झोपायचो! मग या पक्क्या घरातच काय बिघडलं?

अक्काला हसू आलं. "अरे, आजी दाराला पाठ लावून जागी बसायची. तू दचकलास की 'आहे रे मी' म्हणायची. आणि दिवसा सगळं सांगायची: कोण गेलं, कोणाला कसं काढलं. तू शंभरदा विचारायचास, ती शंभरदा सांगायची. तुला वाटतं, तू एकट्यानं निभावलंस?"

रविवारी भर दुपारी बापू लेकीला जुन्या गावठाणात घेऊन गेले. आपलं घर कुठं होतं ते दाखवलं. सांगताना दोनदा थांबले. पोरीला रडण्यापेक्षा प्रश्नच जास्त पडले होते.

"आपली भिंत पण पडेल?"

घरी येऊन बापूंनी तिला भिंतीतला काँक्रीटचा पट्टा दाखवला, चारी भिंतींना बांधून ठेवणारा. तिनं ठोकून पाहिला.

बापू अजूनही काही रात्री उठतात.

"हललं का?" लेक विचारते.

"नाही."

"मग पाणी प्या आणि झोपा की."