काशीतही वजन होतंच

आमच्या कऱ्हाड भागात ऊस ओढणाऱ्याला भरल्या ट्रॉलीचं वजन विचारा, तो लगेच आकडा सांगतो. तो बहुधा खऱ्यापेक्षा कमी असतो. यात लबाडी नसते. ट्रॉली नवी घेतली तेव्हाचं रिकामं वजन त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. नंतर फाळक्याला अँगल वेल्ड केले, स्टेपनी टांगली, जॅक, साखळ्या, ताडपत्री, पाण्याचा ड्रम ठेवला, ओल्या रानातून निघताना चाकांना चिखल लागला. यातलं काहीच तो धरत नाही. तो उसाच्या मोळ्या तेवढ्या मोजतो. म्हणूनच कारखान्याच्या काट्यावर ट्रॉली दोनदा चढते, आधी भरलेली आणि मग रिकामी. रिकामं वजनही दर खेपेला नव्यानं घेतात.

भार कुठे बसलाय हेही बघावं लागतं. दोनचाकी ट्रॉलीत मागं जास्त भरलं तर हुकावरचा दाब जातो आणि ट्रॅक्टरची मागची चाकं जागेवर फिरतात. पुढं जास्त पडलं तर चढावर ट्रॅक्टरचं तोंड उचलतं. 2019 साली कायदा दुरुस्त होऊन जादा भाराचा दंड 20,000 रुपये झाला, वर प्रत्येक जादा टनाला 2,000. तरी माणसांचे अंदाज काही सुधारले नाहीत. भीतीनं माणूस काटा चुकवायचा रस्ता शोधतो, वजन कमी करत नाही.

उसाचा हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडल्यावर वडिलांच्या अस्थी घेऊन मी आत्याबरोबर काशीला गेलो. मणिकर्णिकेवर लाकडाच्या थप्प्या लागलेल्या होत्या आणि शेजारी मोठा तराजू. मेलेल्या माणसासाठी लाकूड तोलून देत होते. आत्या बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, ‘‘दादा इथं गेला असता तर त्याचं सगळं माफ झालं असतं बघ, बाळा.’’

मला ते पटेना. आयुष्यभर साठवलेलं ओझं केवळ जागा बदलल्यानं उतरत असेल, तर गावाकडे राबून, चिखलात रुतून मेलेल्यांवर तो अन्याय झाला. काशीचं भाडं ज्याला परवडलं तो सुटला, बाकीचे अडकले. देवाचा हिशेब असा असेल असं मी मानत नाही.

ब्रह्माघाटाजवळच्या मराठी गुरुजींना मी हे सरळ विचारलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, काशीत यमाचा अधिकार चालत नाही हे खरं, पण तो अधिकार कालभैरवाकडे आहे. महादेव कानात तारकमंत्र देतात, तरी त्याआधी भैरवी यातना चुकत नाही. अनेक जन्मांत भोगायचं ते अगदी थोड्या वेळात भोगून होतं. म्हणजे मोक्षाचं वचन देणाऱ्या नगरीनंही वजन करणं सोडलेलं नाही, रांग तेवढी लहान केली आहे. हे ऐकून माझा काशीवरचा विश्वास वाढला.

याच गावच्या कबीरांनी तर ही सवलतही घेतली नाही. परंपरा सांगते की आयुष्यभर काशीत राहून ते शेवटी मगहरला गेले. तिथं मेल्यावर गाढवाचा जन्म मिळतो असं लोक मानत. भक्ती खरी असेल तर जागेच्या आधाराची गरज नाही, हे त्यांनी जाऊन दाखवलं. याच कबीरांनी निंदकाला जवळ ठेवायला सांगितलं, आणि देहूच्या तुकोबांनीही निंदकाला परोपकारी म्हटलं. दोघं वेगळ्या भाषेचे, वेगळ्या शतकांतले. पण स्वतःचा अंदाज स्वतःच्याच बाजूनं झुकतो हे दोघांनाही ठाऊक होतं. आपण केलेला दानधर्म आपल्याला मोळ्यांसारखा मोजता येतो. रागाची, मानापमानाची, मिरवण्याची वेल्डिंग कधी झाली ते आठवतही नाही. ते वजन बाहेरच्यालाच दिसतं.

रात्री धर्मशाळेत मी आत्याला म्हटलं, ‘‘दादाची काळजी करू नकोस. त्यांचं वजन तू रोज करत होतीस.’’ खरंच करायची. वडिलांनी ऊसतोड टोळीतल्या मजुराची उचल अडवली की ती भर अंगणात त्यांना बोलायची. वडील धुसफुसत उठून जायचे, पण संध्याकाळी पैसे पोचते करायचे. काशीला न जाताही ते बरेच हलके होऊन गेले, असं मी ठामपणे मानतो.

आत्या आता थकली आहे. तुमच्या घरी असं तोंडावर बोलणारं माणूस असेल, तर त्याचं बोलणं मध्येच तोडू नका. पूर्ण आकडा ऐकून घ्या.